वाळवण आपले, खाऊ मुक्या जनावराचा

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) या डोंगरी मुलखातील कोणत्याही वस्तीवर जा, दर चार घरांमागे एखादे कुत्रे अंगणात पसरलेले दिसतेच. कोंबड्या, शेरडे आणि रात्रीची राखण त्याच्याकडे. पगार काय, तर उरलेली भाकरी आणि भाताचे पाणी. अशा घरी पिल्लू आणले की पहिले दोन-तीन महिने कौतुकात जातात आणि मग कुरबूर सुरू होते. पोरांच्या शाळेच्या बुटाची वादी तुटते. कारखान्यात जायच्या वेळी घरधन्याची एकच चप्पल सापडते. दप्तराचा पट्टा कुरतडलेला निघतो. घरात पैसा मोजून येतो, तिथे नवी चप्पल ही लहान गोष्ट नसते. मग पिल्लाला काठी बसते, किंवा त्याला पोत्यात घालून दूर घाटात सोडून येण्याची भाषा होते.

या कुटुंब-पानावर आम्ही आजवर मुलांचे आहार-आरोग्य, बचत, शिक्षण यांवर लिहीत आलो. या वेळी विषय वेगळा आहे, परंतु तो आपल्या घरातलाच आहे. कुत्र्याला चघळायला काय द्यावे, ते घरच्या घरी स्वस्तात आणि धोका टाळून कसे करावे, हे आम्ही येथे सांगणार आहोत. त्यातच आपल्या आज्या-पणज्यांच्या एका जुन्या वाळवणाचाही विषय निघणार आहे. वाचकांनी तो मन मोकळे ठेवून वाचावा.

चघळणे ही खोडी नव्हे

पिल्लाला दुधाचे २८ दात येतात. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास ते पडून त्या जागी ४२ कायमचे दात येतात. आपल्या तान्ह्या बाळाला दात येताना हिरड्या शिवशिवतात, ते हाताला येईल ते तोंडात घालते. पिल्लाचेही तसेच होते. त्याला चामडे, रबर, लाकूड, जे चिवट सापडेल ते चावायचे असते. मोठ्या कुत्र्यालाही चघळण्याची गरज असते. दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे चघळायला काही मिळाले की शांत बसते, आणि घासल्यामुळे त्याचे दातही थोडे स्वच्छ राहतात. तेव्हा चप्पल फाडणारे कुत्रे वाईट चालीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याच्या गरजेची वस्तू त्याला मिळालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जातककथांमध्ये बाविसावी कथा कुक्कुर जातक या नावाची आहे. वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाचा रथ रात्री अंगणात तसाच उभा राहिला. पाऊस आला, रथाचे चामडी पट्टे भिजून मऊ झाले आणि राजवाड्यातली पाळीव कुत्री खाली उतरून ते सगळे पट्टे खाऊन गेली. सकाळी सेवकांनी सांगितले की बाहेरची कुत्री मोरीवाटे आत शिरली असतील. राजा रागावला आणि दिसेल ते कुत्रे मारा असा हुकूम सुटला. वाड्यातली कुत्री तेवढी वगळली. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा पुढारी हे ऐकून थेट दरबारात गेला. चामडे कोणी खाल्ले याचा पुरावा नसताना बाहेरच्यांना मरण आणि घरच्यांना अभय, हा कसला न्याय, असे त्याने राजाला विचारले. मग त्याच्या सांगण्यावरून वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कुस्करून पाजले, आणि त्यांनी चामड्याचे तुकडे ओकून टाकले. राजाची मान खाली गेली. पुढे सर्वच कुत्र्यांना अन्न मिळू लागले, असे कथा सांगते.

जातकांतील पूर्वजन्माचा भाग आपण बाजूला ठेवू. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात त्याला जागा नाही. परंतु गावकुसाबाहेरच्याला न विचारता दोषी धरण्याची रीत किती जुनी आहे, हे या कथेतून आपल्या मुलांना छान समजावून देता येते. आणि अंगणात चामडे भिजत पडले तर कुत्रे ते चावणारच, हा साधा व्यवहारही त्यात आहेच.

चान्यांची आठवण

आता शहरातील दुकानांकडे वळू. पुण्यात कुत्र्यांच्या सामानाची खास दुकाने आहेत. तेथे चघळायच्या खाऊची रंगीत पाकिटे टांगलेली असतात. वाळवलेले कोंबडीचे पट्टे, वाळवलेले फुफ्फुस, वजडी, बोकडाचे कान, जनावराच्या कातडीच्या वळलेल्या कांड्या असा माल त्यांत असतो. माल मूठभर आणि किंमत अशी की मजुरी करणाऱ्या माणसाने पाकीट उलटसुलट करून परत खुंटीला अडकवावे.

आपल्या वडीलधाऱ्या बाया हे पाकीट पाहतील तर एका नजरेत ओळखतील. मांसाचे लांब पट्टे कापून, दोरीवर टाकून, उन्हात कडक वाळवायचे आणि पावसाळ्यासाठी मडक्यात भरून ठेवायचे, यालाच आपल्याकडे चान्या म्हणत. ही कला आपल्या घराघरांत होती. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या अशा अन्नाची नोंद झाली आहे. जे अन्न आजवर कोणत्याही पाकपुस्तकात आले नव्हते ते तिथे आले.

परंतु चान्या म्हटले की अनेकांच्या मनाला कळ लागते, आणि ती लागणे साहजिक आहे. त्या चान्या आवडीने केलेल्या नव्हत्या. गावचे मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम आपल्या माथी मारले होते. त्याच्या मोबदल्यात ते मांस, आणि वर ते खाल्ले म्हणून पुन्हा विटाळ! भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड येते. वेल्ह्याकडून मढे घाटाची जुनी पायवाटही त्याच बाजूला खाली उतरते. त्या महाडला मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा, असे बाबासाहेबांनी तेथे समाजाला बजावले, आणि २० मार्चला सर्वांसह चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. त्या तळ्यावर गुराढोरांना आणि कुत्र्यांना मुभा होती, माणसांना नव्हती. पुढे १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले आणि गावकीच्या सक्तीचा सरकारी आधारही संपला.

तेव्हा कोणी विचारील की ज्या वाळवणाचा आपण त्याग केला ते पुन्हा अंगणात कशाला? आम्ही यावर बराच विचार केला. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेले ढोर आणि लाचारी. आपल्या कमाईच्या पैशाने दुकानातून ताजे मांस आणणे, ते उकळणे, वाळवणे, हे लाचारीचे काम नाही. मांस किती जाड कापावे, ऊन कसे ओळखावे, माशी कशी टाळावी हे ज्ञान आपल्या बायांनी हाल सोसून मिळवले. ज्या ज्ञानावर आज शहरात पाकिटे विकली जातात, ते आपण लाजेपायी विसरून जावे असे आम्हांला वाटत नाही. आजी हयात असेल तर तिला विचारून घ्यावे. मात्र सांगायचे की नाही हे तिच्या मर्जीवर सोडावे. काही आठवणी उकरून काढायच्या नसतात.

ज्या कुत्र्याला तळ्यावर मज्जाव नव्हता त्याचा राग बाबासाहेबांनी धरला नाही. दादरच्या राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले कुटुंबाचे छायाचित्र बहुतेकांनी पाहिले असेल. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांच्याबरोबर घरचा आवडता कुत्रा टॉबी. आणि १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे पालन करण्याचीच आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. चार प्रकार देत आहोत. पहिले तीन बिनमांसाचे आहेत. कशातही मीठ, मसाला, कांदा, लसूण घालायचा नाही.

१. नाचणीची बोटे

आपला मुलूख भाताचा आणि नाचणीचा. दोन वाट्या नाचणीचे पीठ, एक वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा किंवा रताळे आणि एक चमचा गोडेतेल घ्यावे. घरात अंडे असेल तर एक फोडून घालावे. लागेल तेवढे पाणी घालून घट्ट मळावे. अंगठ्याएवढी जाड बोटे वळावीत आणि अळूवडी वाफवतो तशी चाळणीवर पंधरा-वीस मिनिटे वाफवावीत. गार झाल्यावर तव्यावर अगदी मंद आचेवर, झाकण न ठेवता, फिरवत फिरवत अर्धा-पाऊण तास भाजावीत. नंतर एक-दोन दिवस ऊन द्यावे. बाहेरून कडक आणि आतून चिवट अशी बोटे तयार होतात. दात येणाऱ्या पिल्लासाठी हा प्रकार सगळ्यांत चांगला. चुलीजवळ कडक झालेली शिळी भाकरी हाही याचाच गरिबाघरचा भाऊ. मात्र तिला बुरशीचा ठिपकाही नसावा.

२. रताळ्याच्या पट्ट्या

एक किलो रताळी स्वच्छ धुऊन सालासकट उभी चिरावीत. पट्टी करंगळीच्या निम्म्या जाडीची असावी. पातळ केली तर कुडकुडीत होते आणि क्षणात संपते. उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून काढावी, फडक्यावर निथळावी आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावी. वाकवली तर चामड्यासारखी वाकली पाहिजे आणि दाबली तर ओल लागता कामा नये. रताळ्यात बराचसा भाग पाण्याचा, त्यामुळे किलोची पाव ते तिसरा हिस्सा पट्टी उरते. रोज एक पट्टी पुरे, जास्त दिल्यास पोट बिघडते.

३. ताकाच्या चोथ्याच्या वड्या

हिमालयाच्या बाजूला नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग येथे चुरपी नावाचा पदार्थ करतात. याक, चौरी किंवा गाईचे लोणी काढलेले दूध वा ताक तापवून फाडायचे, चोथा दाबून त्याच्या दगडासारख्या वड्या वाळवायच्या. तिथली माणसे त्या तासन् तास तोंडात धरतात. आता नेपाळातून त्या कुत्र्यांच्या खाऊसाठी अमेरिकेत जातात. ज्यांच्या घरी म्हैस आहे, त्यांना हे जमण्यासारखे आहे.

लोणी काढून उरलेले बिनमिठाचे तीन लिटर ताक मंद आचेवर तापवावे. चोथा आणि पाणी वेगळे झाले की फडक्यात बांधून टांगावे. पाणी निथळले की गाठोडे पाटावर ठेवून वर वरवंटा किंवा जड दगड रात्रभर ठेवावा. सकाळी बोटाएवढ्या वड्या कापून एक दिवस वाऱ्यावर, मग उन्हात आणि संध्याकाळी चुलीच्या उबेला ठेवाव्यात. पूर्ण कडक व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. फार टणक झाल्या तर दात तुटण्याचे भय असते, म्हणून नखाने दाबल्यावर किंचित खूण उमटेल इतपतच वाळवाव्यात. हीच नखाची परीक्षा चघळायच्या प्रत्येक वस्तूला लावावी.

४. मांसाच्या पट्ट्या

मांस कोंबडीचे किंवा शेळी-बोकडाचे घ्यावे. गाईच्या कत्तलीला महाराष्ट्रात आधीपासून मनाई आहे आणि २०१५ पासून बैल व वळूही त्या कायद्यात आले आहेत. तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. मेलेल्या किंवा आजारी जनावराचे मांस तर कुत्र्यासाठीसुद्धा आणू नये.

मटणाच्या दुकानातून एक किलो साफ केलेली वजडी आणावी. गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन साध्या पाण्यात अर्धा तास खळाखळा उकळावी. गार झाल्यावर दोन बोटे रुंदीच्या लांब पट्ट्या कापाव्यात आणि फडक्याने टिपून घ्याव्यात. कोंबडीचा पेठा घेतला तर आतले पिवळे अस्तर काढून टाकावे आणि तोही तसाच उकळावा. छातीचे बिनहाडाचे मांस असेल तर पंधरा मिनिटे उकळून पट्ट्या कराव्यात. उकळलेले पाणी फेकू नये. मीठ नसल्यामुळे ते कुत्र्याच्या भातावर घालता येते.

वाळवण्याची रीत आजीचीच. स्वच्छ तारेवर पट्ट्या एकमेकींना न चिकटता टाकाव्यात आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा सगळीकडून लपेटावा, म्हणजे माशी बसणार नाही. खाटेवर वाळवत असाल तर खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, मुंग्या चढत नाहीत. दिवस मावळायच्या आत सगळे घरात घ्यावे. आपल्या भागात बिबट्याचा वावर आहे. मांसाचा वास आणि अंगणात बांधलेले कुत्रे ही दोन्ही त्याला आमंत्रणे. वाळवण आत घेतले तसे रात्री कुत्रेही आत किंवा बंद पडवीत घ्यावे.

कडक ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत पट्ट्या वाळतात. शेवटी तव्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उलटसुलट करून उरलीसुरली ओल काढावी. किलोची पाव किलोच्या आसपास पट्टी उरते. आपल्या चान्या वर्षभर टिकत त्या मिठाच्या आणि कडक उन्हाच्या जोरावर. कुत्र्याच्या पट्टीत मीठ नाही, म्हणून ती थोडी करून आठ-दहा दिवसांत संपवावी. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात जास्त दिवस राहते. वास बदलला, चिकटपणा आला की फेकून द्यावी. ती उकिरड्यावर टाकू नये, पुरून टाकावी.

हे सगळे फेब्रुवारी ते मे या महिन्यांतले काम. जून लागला की भोर-वेल्ह्यात सूर्य दिसत नाही आणि भिंतीसुद्धा ओल धरतात. तेव्हा मांसाच्या आणि ताकाच्या वाटेला जाऊ नये. पावसाळ्यात तव्यावर होणारी नाचणीची बोटे करावीत, उन्हाऐवजी त्यांना निखाऱ्याची ऊब द्यावी आणि चार दिवसांपुरतीच करावीत.

कच्चे काळीज, कच्चे फुफ्फुस: मुलांवरचे संकट

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरी बोकड कापला की काळीज-फुफ्फुसाचे तुकडे जागच्या जागी कुत्र्यापुढे टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ही सवय आजच बंद करावी.

शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात आणि फुफ्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढरट गाठी असतात. त्यांत एका फीतकृमीची बाळे असतात. कुत्र्याने ती कच्ची गाठ खाल्ली की त्याच्या आतड्यात बारीक कृमी वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती कुत्र्याच्या केसांना, अंगणातल्या मातीला, परसातल्या भाजीला चिकटतात. पोर कुत्र्याला कुरवाळते आणि तोच हात तोंडात घालते. मग तशाच पाण्याच्या गाठी मुलाच्या काळजात किंवा फुफ्फुसात वाढू लागतात. वर्षानुवर्षे कळत नाही आणि कळते तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेची वेळ आलेली असते. डॉक्टर या आजाराला हायडॅटिड म्हणतात. कुत्रे मात्र वरून धडधाकट दिसते, हाच यातला फसवा भाग.

उपाय अवघड नाहीत. गाठी असलेला अवयव कोणालाही खायला न घालता कुत्रे उकरणार नाही इतके खोल पुरावा. चांगला दिसणारा अवयवही अर्धा तास उकळल्याशिवाय कुत्र्याला देऊ नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून कुत्र्याला वेळोवेळी जंताचे औषध द्यावे. जनावराला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी, आणि भाजी धुऊन चिरावी.

हे कधीही देऊ नये

शिजवलेले हाड: जेवणानंतर ताटातील हाडे कुत्र्याला टाकणे हे आपल्याला प्रेमाचे वाटते, पण शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिपा निघतात. त्या घशात अडकतात, आतडे फाडतात. कोंबडीचे हाड त्यात सर्वांत वाईट.

कांदा आणि लसूण: याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. म्हणून मसालेदार रश्शाची भाकरीही नको.

द्राक्षे, मनुका, बेदाणे: यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

चॉकलेट, चहा, कॉफी: यांतील द्रव्ये कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत आणि हृदयावर ताण येतो.

खारवलेले सुके बोंबील, सुकट: मीठ फार असते.

बाजारातील कातडीच्या कांड्या: कातडीवर रासायनिक प्रक्रिया झालेली असू शकते. मोठा तुकडा गिळला गेला तर तो पोटात फुगून अडकतो.

देण्याची रीत

चघळायची वस्तू कुत्र्याच्या तोंडात एकदम मावणार नाही एवढी लांब असावी. झिजून लहान उरली की काढून घ्यावी, नाहीतर कुत्रे ती गिळते आणि घशात अडकते. हा खाऊ जेवण नव्हे. दिवसभराच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये. जवळ पाणी ठेवावे आणि कुत्रे चघळत असताना घरातील मोठ्या माणसाने लक्ष ठेवावे. चप्पल चावताना दिसले तर न मारता, न ओरडता चप्पल काढून घेऊन तिच्या जागी पट्टी द्यावी. थोड्याच दिवसांत आपले कोणते आणि घरच्यांचे कोणते हे त्याला उमगते.

मुलांना एक नियम पक्का शिकवावा. कुत्रे खात असताना त्याच्या जवळ जायचे नाही, तोंडातले ओढायचे नाही. गरीब कुत्रेही अशा वेळी चावते. दोन कुत्री असतील तर त्यांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत बांधून खाऊ द्यावा. चावा झालाच तर, घरचे कुत्रे असो की बाहेरचे, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. मिरचीपूड, चुना, हळद काहीही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि सांगितलेली सगळी इंजेक्शने तारखेप्रमाणे पुरी करावीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. देवऋषी आणि गंडेदोरे यांत घालवलेला प्रत्येक तास जीवावर बेततो. आपल्या कुत्र्यालाही तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी द्यावी.

बायांनी हा धंदा करावा का?

आमच्याशी बोलताना एक-दोन बचत गटांच्या भगिनींनी हा प्रश्न काढला. पुणे जवळ आहे, शहरात पैसे देणारे आहेत, मग आपण का करू नये? आमचे मत असे. आधी घरच्या कुत्र्यासाठी एक हंगाम करून पाहावे. मग नाचणी आणि रताळ्याच्या प्रकारापासून सुरुवात करावी, कारण ते टिकतात आणि त्यांत धोका कमी. विकायचे तर त्यासाठी लागणारा परवाना आणि नियम यांची चौकशी पंचायत समितीत व पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी करावी. आणि भाव स्वतः ठरवावा. आपल्या हातचे वाळवण दुसऱ्याने कवडीमोलाने नेऊन पाकिटात भरायचे, हे पूर्वीच्या बलुत्याहून वेगळे राहणार नाही. ज्यांना मांसाचे काम नको वाटते त्यांच्यावर गटाने आग्रह धरू नये. त्यामागे पिढ्यांचे दुःख आहे.

येत्या रविवारी विहारात मुले वंदनेला जमतील. वंदनेनंतर त्यांना कुक्कुर जातकाची गोष्ट सांगावी आणि घरी जाऊन आईबरोबर नाचणीची चार बोटे करायला लावावीत. दोन बोटे घरच्या कुत्र्याला आणि दोन वस्तीवरच्या बेवारशी कुत्र्याला. दुसऱ्याला देताना लांबून टाकावे, हात पुढे करू नये, आणि परत आल्यावर हात साबणाने धुवावेत.

जय भीम!